भिंतीवरची खोटी पुस्तकं

गेले काही रविवार तुम्ही दोघं फोनवर माझ्याशी फार हळू बोलता. एकेक शब्द सुटा करून, जरा मोठ्याने. परवा धाकटीने विचारलं, "आजी, मी कोण ते सांग." मी तिचं नाव सांगितलं, तिची परीक्षा कधी संपते ते सांगितलं, तिच्या मैत्रिणीच्या मांजराची चौकशी केली. त्यावर ती पडद्याबाहेर बघून तुमच्या आईला म्हणाली, आज ठीक आहे. तेव्हा मला कळलं की तुमच्या मामाने ती गोष्ट समुद्रापार तुमच्यापर्यंतही पोचवली आहे. आजी आता विसरायला लागली.

हे खोटं आहे. ते कसं तयार झालं ते मी क्रमाने लिहिते. यात मी चांगली दिसणार नाही. विसराळू दिसण्यापेक्षा वाईट दिसलेलं मला चालेल.

हॉलची दक्षिणेकडची भिंत तुम्हाला आठवत असेल. तुमच्या आजोबांनी ती काळ्या दगडाची, हातभर जाडीची बांधली आणि तिच्यात जमिनीपासून माझ्या डोक्यापर्यंत चार उभे कोनाडे ठेवले. हायस्कूलमध्ये तीस वर्षं मी इंग्रजी शिकवलं, त्या काळात घेतलेलं एकेक पुस्तक त्या कोनाड्यांत गेलं. भिंतीला दर दसऱ्याला चुना, बाकी काही नाही. ऑइलपेंट लावू द्यायचे नाहीत ते. दगडाला घाम येतो, त्याला पुसायला जागा ठेवा, असं म्हणायचे.

घाम येण्याचं कारण भिंतीच्या पलीकडे होतं. पलीकडे चार पावलांवर आपला ऊस सुरू होतो. चारीला पाणी सुटलं, म्हणजे कालव्याची पाळी आली, की सऱ्या तुडुंब भरतात आणि आपली काळी जमीन ते पाणी पायाखालून भिंतीत चढवते. घर बांधल्याच्या दुसऱ्याच वर्षी आजोबांनी त्यावर साधा उपाय काढला. भिंतीलगतच्या दोन सऱ्यांत पाणी सोडायचं नाही. त्या दोन सऱ्यांतल्या उसाला शेजारच्या सरीतून जेवढं पाझरेल तेवढं मिळतं. तो ऊस थोडा बारीक राहतो आणि भिंत कोरडी राहते. ते गेल्यावर हे काम माझ्याकडे आलं. आपल्याकडे जे गृहस्थ उसाला पाणी भरतात ते माझे जुने विद्यार्थी आहेत. आता पन्नाशीचे आहेत, पण मला अजून बाई म्हणतात. दर पाळीला मी मागच्या दारात उभी राहून त्यांना सांगायची, दोन सऱ्या सोडा, म्हणजे वगळा. भर उन्हाळ्यात एखाद वेळी म्हणायची, आज एकच सोडा. त्यामुळे ते स्वतःच्या मनाने काही करायचे नाहीत, माझ्या सांगण्याची वाट बघायचे. ही गोष्ट घरात तिसऱ्या कुणाला माहीत नव्हती. तुमचा मामा शुगर फॅक्टरीत मशिनरी बघतो. स्वतःच्या उसात तो फोटो काढण्यापुरता जातो. मामीला वाटायचं भिंत दगडाची आहे म्हणून कोरडी आहे.

आता मामीबद्दल. मी तिच्यावर चिडलेली आहे आणि हे सगळं चिडूनच लिहिते आहे, तरी तिची अडचण खरी होती हे लिहायला हवं. तुमचा दादा, मामाचा मुलगा, एकतीस वर्षांचा झाला. पुण्यात नोकरी आहे, निर्व्यसनी आहे, तरी तीन ठिकाणांहून नकार आले. हल्ली मुलीकडचे घर पाहायला येतात ते आधी भिंती बघतात, मग माणसं. तिसऱ्या नकारानंतर मध्यस्थ बाईने मामीला फोनवर सांगितलं की बाकी सगळं पसंत होतं, पण हॉल जुनाट वाटला. त्या एका वाक्यावर मामी आठ दिवस जेवली नाही असं म्हटलं तरी चालेल. नवव्या दिवशी नगरहून इंटिरियर डिझायनर आला.

त्याच्या आधी मी आपल्या रस्त्यावरची घरं बघून घेतली होती, त्यामुळे काय येणार याची मला कल्पना होती. उसाच्या फडात राहणाऱ्या एका माणसाने भिंतीवर बांबूचं बन चिकटवलं आहे. खिडकी उघडली तर तेच दिसतं, आणि ते हलतंसुद्धा. दुसऱ्या एकाच्या हॉलमध्ये परदेशातला पूल आहे, त्याच्या खालच्या नदीला टीव्हीचं बटण लावलेलं आहे. तिसऱ्याच्या झोपायच्या खोलीत लालपिवळ्या पानांचं जंगल आहे, बारा महिने पानगळ. ज्याला त्याला आपलं घर दुसरीकडे कुठे तरी असावंसं वाटतं. प्रत्येक हॉलमध्ये एक भिंत 'हायलाइटर' असते. मी मुलांना सांगायची, सगळी ओळ अधोरेखित करू नका, महत्त्वाचं तेवढंच करा. या लोकांनी महत्त्वाचं काहीही न लिहिता अधोरेखित केलं आहे.

डिझायनर तिशीचा होता. टोकदार बूट घालून आत आला, ते मामीने चालवून घेतलं. भिंतीवर बोटांनी टकटक केलं. खिशातून एक छोटं यंत्र काढून चुन्याला टेकवलं आणि म्हणाला, एकदम ड्राय आहे. मी त्याला सांगितलं की सध्या कालवा बंद आहे, पाणी सुटेल तेव्हा येऊन हेच यंत्र लावा. त्याने माझ्याकडे बघून फार गोड हसून मान डोलावली आणि उरलेलं सगळं मामीशी बोलला. चारकोल पॅनेल, फ्लुटेड पॅनेल, कोव्ह लाइट, थीम. कोनाडे प्लायने बंद करून सलग भिंत मिळेल म्हणाला. पुस्तकांमुळे खोली भरलेली वाटते, डोळ्यांना त्रास होतो, म्हणाला.

मी म्हणाले, "मला होत नाही."

"आजी, तुमची आवड आपण जपणार आहोत," तो म्हणाला आणि त्याने मला टॅबवर एक चित्र दाखवलं.

ते पुस्तकांच्या कपाटाचं चित्र होतं. चामड्याची बांधणी, सोनेरी अक्षरं, छतापर्यंत. त्या चित्राचा वॉलपेपर करून तो माझी पुस्तकं होती त्याच जागी लावणार होता. मामीचा चेहरा उजळला. तिला खरंच वाटलं की दोघींचंही भागलं. मी मामाकडे बघितलं. तो म्हणाला, "आई, पुस्तकं कुठे फेकून देणार आहोत का आपण? नीट बांधून ठेवू."

नीट म्हणजे युरियाच्या रिकाम्या गोण्यांत. मी दुपारी महिला मंडळात एका बैठकीला गेले होते, परत येईपर्यंत सुतळीने तोंड शिवून सात गोण्या शेडमध्ये पेंडीशेजारी रचलेल्या होत्या. कोणत्या गोणीत काय आहे हे कुणी लिहिलं नव्हतं. मी विचारलं तर मामी म्हणाली, "तुम्ही शेवटचं पुस्तक कधी काढलं होतंत आई त्यातलं?"  

वॉलपेपर लागला. मामीच्या बहिणी बघून गेल्या, फोटो काढले. मी रोज त्याच्यासमोर बसून चहा प्यायची, कारण माझी खुर्ची तिथेच आहे. तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की ती सगळी मिळून एकोणीसच पुस्तकं आहेत. एकोणीस झाली की पुन्हा तीच पहिल्यापासून, खालपासून वरपर्यंत. चष्मा लावून जवळ गेले. सोनेरी अक्षरं लांबून इंग्रजी वाटत होती. जवळून कोणताच शब्द लागत नव्हता. अक्षरासारख्या आकृत्या एकापुढे एक ठेवल्या होत्या. हे कुणी मुद्दाम, मेहनतीने काढलं असणार. जन्मभर मी मुलांना अक्षरं लावायला शिकवलं, आणि माझ्या घरात कुणी तरी न वाचता येणारी पुस्तकं लावून गेलं, आणि सगळे म्हणत होते की किती छान. मी मामीला ते दाखवलं. ती म्हणाली, "कोण वाचायला जाणार आहे?"

त्यानंतर दहा-बारा दिवसांनी चारीला पाणी सुटलं. तो बुधवार होता. रविवारी मुलीकडचे यायचे होते.

सकाळी पाणी भरणारे गृहस्थ फावडं घेऊन मागच्या दाराशी आले. मी दारातच होते. ते थांबले. राम राम बाई म्हणाले. मी राम राम म्हणाले. त्यांनी भिंतीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, जरा घुटमळले. मी आत आले आणि दार लोटून घेतलं.

एवढंच मी केलं. हे वाक्य मी दोनदा लिहून बघितलं. यापेक्षा सौम्य करता येत नाही. मी विसरले नव्हते. दोन सऱ्या सोडा हे शब्द माझ्या तोंडात होते आणि मी ते बाहेर येऊ दिले नाहीत. मला वाटलं होतं थोडे फुगे येतील, डिझायनरला बोलावून त्याचं यंत्र लावायला सांगता येईल. रविवार माझ्या डोक्यात नव्हता असं मी म्हणू शकते, पण तेही खरं नाही. होता.

शुक्रवारी फुगे आले. मामीने ते तळहाताने दाबले. शनिवारी खालच्या ओळीतली पुस्तकं तपकिरी झाली आणि हॉलमध्ये भिजलेल्या गोणपाटाचा वास यायला लागला. डिझायनरने फोनवर सांगितलं की एसी लावा. मामीने दोन पंखे भिंतीकडे तोंड करून रात्रभर चालू ठेवले, सकाळी उदबत्त्या लावल्या. तिने माझ्याकडे एकदाही बघितलं नाही, कारण तिला अजून काही माहीत नव्हतं. मी तिला मदत करत होते. मी तिच्या हातात उदबत्तीची काडेपेटी दिली. हेही मी लिहून ठेवते.

पाहुणे कर्जतच्या कोरडवाहू बाजूचे होते. मुलीचे वडील, आई, तिचा एक मामा आणि मुलगी स्वतः. माणसं सरळ वाटली. मुलीने बसल्या बसल्या भिंतीकडे बघितलं आणि मग नजर खाली घेतली. तिला वास आला होता हे मला कळलं. पोहे झाले, चहा आला. तुमचा दादा पुण्याच्या ऑफिसचं सांगत होता, आणि मध्येच वरच्या कोपऱ्यातून पापड मोडल्यासारखा आवाज झाला. एक सबंध पट्टा सुटला. एकदम पडला नाही. सावकाश, स्वतःच्या ओझ्याने, पाहुण्यांच्या देखत पुढे वाकत गेला आणि सोफ्याच्या पाठीवर येऊन टेकला. मागचं प्लाय फुगून पोट आल्यासारखं दिसत होतं आणि त्यावर काळी बुरशी होती.

 मग मुलीचे वडील उठले, बोटाने प्लाय दाबून बघितलं, बोट धोतराला पुसलं.

"आमच्याकडं मानसाला पानी न्हाई," ते म्हणाले, "आन् तुमच्याकडं भिती पानी पित्यात."

ते चेष्टेने म्हणाले असावेत. त्यांच्या मेहुण्यांनी हसून दाखवलं. मामी पांढरी पडली. मामा उठून मागच्या दारी गेला आणि पाणी भरणाऱ्या गृहस्थांना हाक मारली, पाणी कुठून येतंय ते विचारायला. ते पायाचा चिखल ओसरीला पुसत दारापाशी उभे राहिले. आत सगळे बसलेले, दार उघडं. त्यांनी सरळ सांगितलं.

"साहेब, बाई दर पाळीला सांगत्यात, भिताडाकडच्या दोन सऱ्या सोड म्हनून. या बारीला बोलल्याच न्हाईत. मला वाटलं आता कागुद लावलाय, तर गरज नसंल. मंग समदंच भिजिवलं."

मामा वळला. त्याचं तोंड बघून मला तो चौथीत असतानाचा दिसला. "आई, विसरलीस होय?"

हा प्रश्न त्याने मला वाचवायला विचारला नव्हता. त्याला दुसरं कारण सुचतच नव्हतं. मी तोंड उघडलं होतं, पण माझ्या आधी मुलीची आई बोलली. तिच्या आवाजात खरोखरीची माया होती. "वय झालं की व्हतंच हो. आमच्या सासूबाई तर गॅस चालू ठिवत्यात." मुलीचे वडील म्हणाले, व्हय, व्हतंय. आणि खोलीतली हवा सैल झाली. मामीने एका क्षणात सगळं ओळखलं. माझ्याकडे बघून, माझ्यावरून नजर न हटवता ती पाहुण्यांना म्हणाली, "हल्ली फार विसरतात. आम्हाला काळजीच वाटते."

मला माहीत आहे की तिला माहीत होतं.

मी तेव्हा बोलले नाही. तुमचा दादा समोर हातात कप घेऊन बसला होता. त्याच्याबद्दल मला लाज वाटते. वॉलपेपरबद्दल वाटत नाही, आजही नाही.

पाहुणे गेल्यावर मी दोघांना हॉलमध्ये थांबवलं आणि सांगितलं की मी विसरले नव्हते, मुद्दाम सांगितलं नाही. मामा म्हणाला, आई, आता जाऊ दे. मामी म्हणाली, "जाऊ कसं दे? हे शब्द पुन्हा काढायचे नाहीत. तुम्ही विसरलात. कुणी विचारलं तरी विसरलात. या घरात मुलगी द्यायची का, हे ते लोक ठरवताहेत. सासूची सासू विसरते म्हटलं तर चालतं. घर बुडवते म्हटलं तर कोण देईल?"

तिचं बोलणं बरोबर होतं. चार दिवसांनी होकार आला. आणि त्या होकाराबरोबर माझं विसरणं पक्कं झालं.

मग ते पसरलं. तुमच्या आईला कळलं, तुम्हाला कळलं. मंडळातल्या बायका माझा हात धरून पायऱ्या उतरवायला लागल्या. औषधांचा डबा मामीने स्वतःकडे घेतला, दोन गोळ्या वाटीत काढून देते. पाण्याच्या मागणीचा सात नंबरचा अर्ज जमीन माझ्या नावावर असल्यामुळे मी भरायची. या खेपेला मामाने तो भरून आणला आणि सही कुठे करायची तिथे पेन्सिलीने फुली मारली. आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या वह्यांत फुल्या मारल्या. भिंतीवर आता पीव्हीसीची शीट आहे, संगमरवरासारखी दिसते, तिला काहीही चिकटत नाही आणि तिच्यातून काहीही बाहेर येत नाही. कोनाडे तसेच आत बंद आहेत. गोण्या शेडमध्येच आहेत. मी एकदा एक गोणी उसवून बघत होते तर मामी शेजारणीला दबल्या आवाजात म्हणाली, बघा, आता असं करत बसतात. पुस्तक शोधणं हेसुद्धा लक्षण झालं.

शेवटी मामाने मला नगरला डॉक्टरांकडे नेलं. त्याची कल्पना नव्हती, मामीची होती. ती म्हणाली, खरंच काही असेल तर लवकर कळलेलं बरं. मी नाही म्हटलं नाही. मी नीट इस्त्रीची साडी नेसले आणि गेले. डॉक्टरांनी वार विचारला, महिना विचारला, शंभरातून सात सात वजा करायला लावले. घड्याळाचं चित्र काढून त्यात अकरा वाजून दहा मिनिटं दाखवायला सांगितली. तीन शब्द दिले आणि पाच मिनिटांनी पुन्हा विचारले. मी सांगितले, आणि त्यांनी मधल्या वेळात मामाला काय काय विचारलं तेही सांगितलं. डॉक्टर हसले. मामाला म्हणाले, "यांना काही झालेलं नाही. तुम्हाला कुणी सांगितलं?"

मामाने रिपोर्ट घडी करून घेतला. आम्ही गाडीत बसलो, विळद घाट मागे पडला. मग पुढे रस्त्याकडे बघत मामा म्हणाला, "आता तिला काय सांगू?"

"डॉक्टर म्हणाले ते."

"मग तू मुद्दाम केलंस असं होतं."

"मी तुला त्याच दिवशी सांगितलं होतं."

"मला ते नको होतं," तो म्हणाला. गाडी आपल्या चारीच्या रस्त्याला लागल्यावर हळू म्हणाला, "विसरणारी आई मला सांभाळता येते गं."

घरी मामीने दारातच विचारलं. तो म्हणाला, सुरुवात आहे, काळजीचं काही नाही. मी त्याच्या शेजारी उभी होते. मी तिथल्या तिथे सांगितलं की डॉक्टर असं म्हणाले नाहीत. मामीने माझ्या हातातली पिशवी घेतली आणि मामाकडे बघून म्हणाली, "हे पण विसरल्या."

 मी काहीही म्हटलं तरी ते त्या एका वाक्यात बसतं.

मामाने रिपोर्ट गाडीच्या पुढच्या खणात ठेवला होता. तो मी काढून घेतला, स्टँडवर जाऊन झेरॉक्स केली आणि मूळ कागद होता तिथे परत ठेवला. झेरॉक्स या पत्राला जोडली आहे. डॉक्टरांची सही खाली उजवीकडे आहे. आधी ती वाचा, मग मी बुधवारी काय केलं ते पुन्हा वाचा. तुमच्या दादाच्या लग्नाच्या आड मी आले होते, जाणून आले होते. त्यावर तुम्हाला माझा राग आला तर रविवारी फोनवर रागवा, भांडा, मोठ्या आवाजात बोला. फक्त माझ्याशी हळू बोलू नका.